दूध उतू जायच्या आत

दौलताबाद,
६ डिसेंबर २०२४

प्रिय मुनिरास,
आवडाक्काचा स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण त्यात अक्षरं कमी अन् मोकळी जागा जास्त. शाई महागली की बोटं थकली? लहानपणी औशाच्या शाळेतनं आलीस की पाटी माझ्यापुढं ठेवून मला अक्षरं गिरवायला लावायचीस, रेघ वाकडी गेली की टपली मारायचीस. मी शाळेचं तोंड बघितलं नाही, तुझ्या पाटीवरच शिकले. मग आता मास्तरणीनंच हात आखडला तर कसं व्हावं?

आमचा पोस्टमन हसतो. म्हणतो, आजी, गावात हातानं लिहिलेलं पत्र आता तुम्हालाच येतं, बाकी सगळ्यांना बँकेचं. मी म्हटलं, बाबा, माझ्या मैतरणीच्या कानांनी संप केलाय. फोनवर मी पायाला लागलं म्हणून सांगते अन् ती तिकडनं हां हां, मुबारक म्हणते. म्हणून आम्ही दोघी टपालावर आलो.

आता खरी बातमी. गेल्या रविवारी सोमनाथ आला होता. एकटाच. सूनबाई रूपाला बँकेचं काम, नात श्रेयाला क्लास. आल्या आल्या म्हणाला, आई, बस, जरा बोलायचंय. पोरं असं म्हणाली की समजावं, ठरवून झालेलं आहे. त्याचं म्हणणं, शेत शेजारच्या बन्सीला बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला देऊन टाकायचं अन् मी संक्रांतीच्या आत गारखेड्याला त्याच्या फ्लॅटवर राहायला जायचं. खोली तयार आहे, खिडकीला डासांची जाळी बसवलीय, न्हाणीत धरायला दांडासुद्धा लावून झालाय. दांड्यापर्यंत तयारी झाली, म्हातारी तेवढी आणायची राहिलीय.

त्याचंही चुकत नाही गं. भादव्यात गोठ्यापुढं पाय घसरून पडले ते तुला लिहिलं होतं. बन्सी वैरणीचं विचारायला आला म्हणून उठले, नाहीतर तशीच पडून राहिले असते. तेव्हापासून सोमनाथचा जीव टांगणीला लागलाय. अन् माझ्या मनाचं म्हणशील तर दोन दावणींना बांधल्यासारखं झालंय. हे गेल्यापासून घर लई मोठं झालंय. दिवेलागणीला बल्ब लावते, अन् बल्ब लावला हे सांगायला कुणी नसतं. एकटीपुरतं पीठ मळलं तर पोटाला कमी पडतं, जरा जास्त घेतलं तर सकाळपर्यंत भाकरी माझ्याकडं बघत बसते. पण त्या चौथ्या मजल्यावर तरी माझं काय आहे? मला ठरवता येईना. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. बघू म्हटलं.

दुसरी बातमी हसायची. सोमनाथच्या शेंद्र्याच्या कंपनीत परदेशातले लोक कामाला आलेत. नाताळात बहुतेक जण आपापल्या घरी जाणार, पण ज्यांचं काम अडकलंय ते इथंच राहणार. ऑफिसातल्यांना वाटलं, त्यांना काहीतरी आपल्याकडचं दाखवावं. सोमनाथनं सांगून टाकलं, आमच्या शेतात येळवस असते! तुला ठाऊकच आहे, इकडं कुणी येळवस करत नाही. मी औशाहून सासरी आले ती ही वेळ अमावस्या पदरात बांधून आले. पहिल्या वर्षी मी पूजेसाठी शेतात कडब्याची खोपटी, आपली कोप, उभारली तर सासूबाईंना वाटलं, सून वेगळी निघतेय. पण ह्यांनी कधी अडवलं नाही. हे गेल्यावर मात्र कोपीत मी, बन्सी अन् पाच पांडवांचे दगड. पांडव जेवत नाहीत, बन्सी लाजतो.

यंदा ऑफिसच येतंय. सोमनाथही दिवसभर असेल. मला तर आत्तापासून आंबिलाचं बिंदगं, ते जुनं मडकं, कुठं ठेवलंय ते शोधायचं सुचलंय.

तब्येत सांभाळ. कानाचं यंत्र खणात ठेवू नकोस, कानात ठेव. लोभ जुना आहे, त्याला ऊन दाखवत जा.

तुझी,
आवडा


वैजापूर,
१४ डिसेंबर २०२४

आवडाक्कास,
मुनिराचा सलाम वि. वि.

टपली मारायला हात अजून शाबूत आहे, अंतर जास्त आहे म्हणून वाचलीस.

अक्का, तू जा. यात विचार करण्यासारखं काय आहे? पोरगा बोलावतोय, जाळी बसवतोय, दांडा लावतोय. किती जणींच्या नशिबात हे असतं? गोठ्यापुढं एकदा पडलीस. पुन्हा पडलीस अन् बन्सी आलाच नाही तर? माझ्याकडं बघ. माझ्या लेकाचं, बासितचं कांद्याचं काम मार्केट यार्डात जोरात आहे, घरात पाच माणसं, ताट हातात येतं, पाणी हातात येतं. कहकशा सून म्हणून आली पण लेकीपेक्षा जास्त करते, थंडी पडली की न सांगता पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवते. भरल्या घरात म्हातारपण काढावं, यासारखी दौलत नाही.

नात लाइबाची सोयरीक ठरली म्हणे. मुलगा जालन्याचा, कपड्याचं दुकान आहे. परवा दुपारी हातात पेढा ठेवला तेव्हा मला वाटलं, नातू हारिसचा काही निकाल लागला असेल, म्हणून मी त्यालाच दुवा दिली. सगळे लई हसले. मग कळलं. पोरगी माझ्या मांडीवर वाढली, मोठी कधी झाली समजलं नाही.

यंत्राचं म्हणशील तर ते कानात घातलं की पिठाची गिरणी सुरू होते. नुसता घरघराट, शब्द एक नाही. खणातच बरं आहे.

तुझ्या परदेशी पाहुण्यांना आंबील पाज अन् त्यांची तोंडं कशी झाली ते मला लिही. माझे अब्बा बांगड्यांची पेटी बांधावर ठेवून तुमच्या कोपीत पहिल्या पंगतीला बसायचे, आठवतं? येळवशीला कुणाला बोलवावं लागत नसे. वाटेनं जाणारा माणूससुद्धा ओढून आणून बसवायचे. इकडं आल्यापासून मी येळवस फक्त तुझ्या पत्रातच खाल्ली.

येळवशीच्या भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, हिरवी तूर सढळ घाल. दुवा देते, दुवा माग.

तुझी,
मुनिरा


दौलताबाद,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय मुनिरास,
स. न. वि. वि.

तुझं जा जा वाचलं. एवढ्या जोरानं तर मला सासरी जाताना आईनंसुद्धा ढकललं नव्हतं.

तयारीला लागलेय. पाच दगड चुन्यात बुडवून वाळत घातलेत. बन्सीनं कडब्याच्या पेंड्या आणून टाकल्या. हरभऱ्याला घाटे भरलेत, तुरीच्या शेंगा हिरव्यागार, वाल मिळाला, फक्त चुक्याची भाजी बाजारातनं आणायचीय. सोमनाथनं फोन केला होता. म्हणाला, आई, तिखट कमी कर. मी म्हटलं, तिखट कमी करीन, पण मग ती भज्जी राहणार नाही, दवाखान्यातलं पथ्य होईल. तो हसला. लई दिवसांनी हसला.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. पोटात राहीना म्हणून. जायचं की राहायचं, याचा माझ्यानं निवाडा होत नाही. तवा मी तो पांडवांवर सोपवलाय. कोपीपुढं बोळक्यात दूध उतू घालवतो ना आपण, ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पुढल्या वर्षी पाऊसपाणी चांगलं म्हणतात. यंदा मी पावसाचं विचारणार नाही. पूर्वेच्या अंगाला दूध गेलं तर गारखेड्याला जाईन, तिकडं लेक आहे. पश्चिमेला गेलं तर इथंच राहीन. पश्चिमेला तू आहेस, वैजापुरात. उत्तर-दक्षिणेचं तेव्हाचं तेव्हा बघू.

हसू नकोस. मनातल्या मनात बोलणं झालंय, आता फिरवता येत नाही. सोमनाथला यातलं काही ठाऊक नाही, त्याला कळलं तर म्हणेल, आई, तू शिकलेली असून असं करतेस! शिकलेली म्हणजे तुझ्या पाटीवर.

तिथं नमाजाला बसशील तेव्हा दुधासाठी नको, माझ्यासाठी दुवा कर.

तुझीच,
आवडा


दौलताबाद,
१ जानेवारी २०२५

प्रिय मुनिरास,
नव्या वर्षाचा स. न. वि. वि.

येळवस पार पडली. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू मधल्या ओळी सोडून थेट शेवट वाचशील. तुझी जुनी खोड.

सोमवारी सकाळी ऑफिसची बस बांधापाशी लागली. दहा-बारा माणसं उतरली, त्यात परके तिघं. कोरियाच्या दोघी मुली अन् जर्मनीचा एक पन्नाशीचा गृहस्थ, डिर्क नावाचा. उंच एवढा की कोपीत शिरताना गुडघ्यावर यावं लागलं. डोक्याला लोकरीची टोपी. सोमनाथच्या हाताखालची तनुजा नावाची पोरगी दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगत होती. गोड पोरगी, नांदेडची आहे, कोप बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी आजी करते म्हणाली.

कोरियाच्या पोरींनी चपला काढल्या अन् मांडी घालून अशा बसल्या जणू जन्म कोपीत गेला. आंबील दिलं तर दोघींनी वाटी पुन्हा पुढं केली. त्यांच्याकडंही धान्य आंबवून असंच आंबट पेय करतात म्हणे, फक्त ते प्यायल्यावर माणूस गाणी म्हणतो. डिर्कसाहेबांनी घोट घेतला, जरा वेळ आभाळाकडं बघितलं अन् मग वाटी संपवली. माणूस सभ्य आहे. बाजरीचे उकडलेले उंडे त्यांना आवडले. शेंगापोळ्या तर मोजदादीच्या पलीकडं गेल्या.

सोमनाथ चर शिंपायला, पिकावर आंबील शिंपडायला निघाला. हातात आंबिलाचं बिंदगं, मागं सगळं ऑफिस, अन् ओलगे ओलगे म्हणून त्यानं अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मुने, त्या आवाजात ह्यांचा आवाज होता. त्याच्या मागनं साहेब लोक, कोरियाच्या पोरी, सगळे ओलगे ओलगे करत पिकाभोवती फिरले. मला वाटलं, आता कुणी काही विचारू नये, दिवस असाच उभा राहावा.

मग एक बारीकसं झालं. कोरियाच्या एका पोरीनं विचारलं, इथं राहतं कोण? तनुजानं मला मराठीत सांगायच्या आत सोमनाथनंच उत्तर दिलं, अन् ते इंग्रजी माझ्यापुरतं मला कळलं. आमचं फार्महाऊस आहे, सुट्टीला येतो, म्हणाला. मी तिथंच भाकऱ्यांची चवड घेऊन उभी होते. त्याच्या मनात काही वाईट नसणार. आई इथं एकटी राहते, हे चारचौघांत सांगायला लेकाला जड जात असेल. तरी भाकऱ्या खाली ठेवायला मला जागा सापडेना.

दुपारी दुधाची वेळ झाली. मी कोपीपुढं गोवऱ्या रचल्या, वर बोळकं, बोळक्यात आमच्याच गाईचं दूध काठोकाठ. सगळे गोल करून बसले. सोमनाथनं सांगितलं होतं की आता कुणी बोलायचं नाही, दुधाकडं बघायचं. पण का बघायचं, ते सांगायचं राहून गेलं. मी हात जोडले होते. पूर्वेला का पश्चिमेला, एवढंच. दुधाला साय धरली, कडेनं बुडबुडे आले, साय मधोमध फुगली. श्वास रोखून सगळे बघताहेत. दूध काठाला आलं, आता ओघळणार, इतक्यात डिर्कसाहेब ताडकन उठले. डोक्यावरची टोपी काढली, टोपीनं बोळकं धरलं अन् उचलून फुंकर मारत बाजूला ठेवलं! एक थेंब सांडू दिला नाही. अन् चेहऱ्यावर असा आनंद की जणू विहिरीतनं लेकरू बाहेर काढलं.

 पहिला बन्सीच बोलला, आता पाऊस कोणच्या अंगानं यायचा, सायबानं तर पावसालाच उचलून बाजूला ठिवला! मग जो हशा उसळला तो थांबेना. तनुजानं समजावून सांगितलं तेव्हा बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याचं म्हणणं, एवढी माणसं बसलीत, दूध उतू चाललंय अन् कुणीच कसं हलत नाही, मला वाटलं सगळ्यांना काय झालंय! कंपनीत त्याचं कामच ते म्हणे, काही उतू जायच्या आत बंद करायचं.

सोमनाथ म्हणाला, आई, परत ठेव चुलीवर, त्यात काय, फोटोही राहिलाय. मी म्हटलं, नाही. पांडवांना एकदाच विचारायचं असतं. दूध खिरीत ओतलं अन् सगळ्यांना वाढलं. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी लागलं, तेवढं पदरानं पुसून घेतलं. धुराचं नाव सांगितलं.

जेवणं झाल्यावर डिर्कसाहेब माझ्याशेजारी येऊन बसले अन् भांडी घासायला लागले. मी नको नको म्हणते, ते ऐकेनात. शिक्षा म्हणून घासतो, म्हणाले. तनुजाच्या तोंडून बोलणं झालं. त्यांची आई खेड्यात एकटी असते. हा दुसरा नाताळ त्यांचा इकडंच गेला. फोन केला की आई म्हणते, सगळं छान आहे, तू काम कर. मी म्हटलं, सांग त्यांना, सगळ्या आया असंच म्हणतात, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तनुजानं ते सांगितलं अन् मग स्वतःही भांडी घासायला बसली. सोमनाथ जरा पलीकडं फोनवर होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

पाचला बस निघाली. सोमनाथची गाडी कंपनीत होती, म्हणून तोही बसनं गेला. जाताना म्हणाला, आई, झकास झालं, आता संक्रांतीच्या आत न्यायला येतो, बॅग भरून ठेव. दिवेलागणीला कडब्याची पेटती पेंडी घेऊन पिकाभोवती फिरायचं असतं, ते मी एकटीच फिरले. आरोळी द्यावी म्हणून तोंड उघडलं, पण एकट्या माणसाची आरोळी ऐकली की शेजारचे धावून येतात, म्हणून दिली नाही.

आता सांग, मी काय करू? पांडवांनी काहीच सांगितलं नाही. संक्रांत तोंडावर आलीय.

उत्तराची वाट बघत, तुझी,
आवडा


वैजापूर,
८ जानेवारी २०२५

आवडाक्कास,
सलाम वि. वि.

पत्र वाचून मी एवढी हसले की कहकशा धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. तो टोपीवाला जर्मन माझ्या डोळ्यापुढनं हलत नाही. मग पुढचं वाचलं अन् हसू गेलं.

दूध उतू गेलं नाही, म्हणजे तुझा सवाल तुलाच परत आला. वरच्यानं म्हण, पांडवांनी म्हण, नाहीतर त्या जर्मनानं म्हण. आता तुझं तू बघ.

अन् मी आधी जा म्हणाले होते ना, ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आज लिहिते. माझे कान गेले तेव्हा घरातले पहिल्यांदा ओरडून बोलायचे. ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले, शेजारच्यांना वाटायचं भांडण आहे. मग कागदावर लिहायला लागले. चहा पाहिजे का, औषध घेतलं का. मग तेही हळूहळू कमी झालं. आता नुसते हसतात. माझ्याकडं बघितलं की हसतात. मीही हसते. दिवसभर आमच्या घरात हसणं चालू असतं, बाहेरच्यानं बघावं तर म्हणावं, काय खुशाल घर आहे! मी कधी काही विचारलं तर हातानं खूण करतात, नंतर सांगतो. ते नंतर अजून यायचंय.

कुणी वाईट नाही गं. बासित सांजेला आला की पहिल्यांदा माझ्या पायाला हात लावतो. पण लाइबाची सोयरीक मला पेढ्यानं सांगितली. ते लोक बघायला आले होते तेव्हा मी पाहुण्यांना पाणीसुद्धा दिलं, पण कोण आहेत ते ठाऊक नव्हतं. नातजावई कसा दिसतो म्हणून कुणी विचारलं तर मी सांगू शकते, कारण मी त्याला कांद्याचा व्यापारी समजून त्याची ख्यालीखुशाली विचारली होती.

म्हणून आता जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तू पडलीस तर काय, ही फिकीर माझी तशीच आहे. पण गारखेड्याला सगळे सकाळी आपापल्या कामाला जातील, अन् तुझे कान तर चांगले आहेत. चार भिंतींत तुला घड्याळही ऐकू येईल. ते माझ्यापेक्षा बरं की वाईट, हे मला ठरवता येत नाही.

एवढंच म्हणते, जे सांगायचं ते दुधाला नको, पोराला सांग. त्याला ऐकू येतं.

संक्रांतीचा तीळगूळ पत्रातनं पाठवू नकोस, मागल्या वर्षी मुंग्या आल्या होत्या.

जिवाला जीव देणारी,
मुनिरा


दौलताबाद,
१८ जानेवारी २०२५

प्रिय मुनिरास,
स. न. वि. वि.

हे पत्र मनात वाचू नकोस. आधी उठ, घरात सगळे जमतात तिथं जाऊन बस, अन् मोठ्यानं वाच. का, ते पुढं सांगते. माझं ऐक, एवढी वर्षं मी तुझं ऐकलं.

बसलीस? वाच.

भोगीच्या दिवशी सोमनाथ गाडी घेऊन मला न्यायला आला. मी भोगीची भाजी केली होती, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या होत्या, पण बॅग भरली नव्हती. तो घरात शिरला, बॅग शोधायला लागला, सापडेना. म्हणाला, आई, कुठंय? मग मी त्याला सगळं सांगितलं. पूर्व, पश्चिम, दूध, सगळं. आधी तो हसला. मग त्याचं हसू गळालं. म्हणाला, मला विचारायचं सोडून तू दुधाला विचारलंस?

मी म्हटलं, तू तरी मला कुठं विचारलंस बाबा? तू सांगितलंस. जाळी बसवून झाल्यावर सांगितलंस, दांडा लावून झाल्यावर सांगितलंस. पाहुण्यांना मी इथं राहते हेसुद्धा तू सांगितलं नाहीस.

तो ओट्यावर बसला. बूट पायातच होते. एका बुटाची नाडी सोडली, परत बांधली.  मला वाटलं, आता चिडून उठेल. पण त्यानं विचारलं, मग तुला काय पाहिजे?

मुने, मला जायचं म्हणून उत्तर तयार होतं, राहायचं म्हणूनही तयार होतं. पण या सवालाचं उत्तर तयार नव्हतं. ह्यांनीसुद्धा मला कधी असं विचारलं नव्हतं, अन् मीही कधी मनाला विचारलं नव्हतं. मग म्हटलं, मला इथं राहायचंय. अन् तू यावंस असं वाटतं. दर आठवड्याला नाही जमलं तरी चालेल, पण पाहुण्यांशिवाय ये. श्रेयाला घेऊन ये. ओट्यावर बस, बूट काढून बस.

तो म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे काय, ते मला कळतं. माझंच लेकरू आहे, बघू म्हणायला माझ्याकडनंच शिकलंय. खोटं आश्वासन दिलं नाही, एवढं बरं. खालचं रान बन्सीला बटईनं द्यायचं ठरलं, ते माझ्या गुडघ्यांनाही मान्य आहे. कोपीचा तुकडा मी ठेवला. बन्सीची बायको रोज सकाळी दूध न्यायला येईल, म्हणजे पडलेच तर सकाळपर्यंत कुणीतरी बघेल. सोमनाथ भाजी-भाकरीचा डबा घेऊन रिकामी गाडी वळवून गेला. संक्रांतीला आला नाही. फोन आला होता, तीळगूळ घे, गोड बोल म्हणाला, अन् मग दोघांनाही गोड बोलायला काही सापडेना म्हणून हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

तर मी राहतेय. एकटीच. दिवेलागणीला बल्ब लावते तेव्हा आताही सांगायला कुणी नसतं. ते तसंच आहे, बदललं म्हणून सांगितलं तर तू मला खोटी म्हणशील.

आता यापुढचं अजून मोठ्यानं वाच.

बासित, बाबा, तुझ्या अम्मीला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. तिचा आवाज अजून असा खणखणीत आहे की औशाला असताना ती हाक मारायची तर अख्खं शिवार ऐकायचं. तिनं तुमच्याशी बोलावं म्हणून तुम्ही काय करता? लाइबा बेटा, मुबारक. पण पेढ्यावर नाव लिहिलेलं नसतं, पुढल्या वेळी आजीला कागदावर दोन ओळी लिहून दे. हारिस, तुझा जो काही निकाल लागायचा असेल तो लागला की आधी आजीला दाखव, तिची दुवा तू फुकट घेतली आहेस. कहकशा, पोरी, तू गरम पाणी आणून ठेवतेस ते मला ठाऊक आहे. पाणी ठेवून लगेच जाऊ नकोस, पाय शेकेपर्यंत बस.

मुने, मी आता दर आठवड्याला लिहीन, पण सगळी पत्रं अशीच मोठ्यानं वाचायची. तुला ऐकू येत नसलं तरी त्यांना येतं.

इथपर्यंत आलीस ना? आता मान वर कर अन् कोण कोण बसलंय ते बघून मला लिही.

लोभ करणारी, वर हुकूमही करणारी,
आवडा


वैजापूर,
२७ जानेवारी २०२५

आवडाक्कास,
सलाम वि. वि.

वाचलं. ओसरीत बसून, तुझ्या हुकुमाप्रमाणे, मोठ्यानं. माझा आवाज किती मोठा होता ते मला कळलं नाही, पण रस्त्यावरचा भाजीवाला थांबला म्हणजे झाला असेल.

खरं तेच लिहिते. बासितला यार्डातनं फोन आला, तो मध्येच उठून गेला. हारिस मोबाइलमध्ये मान घालून बसला होता, त्यानं ऐकलं असेल किंवा नसेल. लाइबा तिच्या नावापर्यंत बसली, मग रडायला लागली अन् आत गेली, नंतर येऊन माझ्या गळ्यात पडली, पण बोलली काही नाही. बाकी जागा रिकामी होती.

कहकशा मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कणीक मळता मळता आली होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हलली नाही, हातावरचं पीठ वाळून पांढरं झालं तरी. मी पत्राची घडी घातली तेव्हा ती परात घेऊन माझ्यापुढं येऊन बसली, कोरडं पीठ पसरलं अन् त्यात बोटानं लिहून मला विचारलं, मग सोमनाथ आला का?

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. तिनं पीठ सारखं केलं नाही, तुझं उत्तर येईपर्यंत तसंच ठेवलंय.

लवकर लिही.

तुझी,
मुनिरा